हुरड्याच्या दिवसांतली गरम रम आणि मसाला वाइन: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दिवाळी सरली, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आणि यवतेश्वराकडून संध्याकाळी गार वारा सुटायला लागला की आमच्या साताऱ्यात गरम पेयांची बोलणी सुरू होतात. कुणाच्या शेतावर हुरडा असतो, कुणाकडे पुण्याहून भाऊ-वहिनी आलेले असतात, कुणी महाबळेश्वरला खोली घेतलेली असते. मग मला फोन येतो, "ती गूळ घातलेली रम कशी करतोस ते सांग की." फोनवर अर्धंच सांगून होतं, आणि राहून जातं ते नेमकं महत्त्वाचं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

हे सगळं ज्यांचं वय बसतं, ज्यांना डॉक्टरांनी मनाई केलेली नाही आणि जे एरवीही कधीमधी घेतात त्यांच्यासाठी आहे. जो घेत नाही त्याने थंडीचं निमित्त करून सुरू करू नये. त्याच्यासाठीही खाली एक पेय आहे, आणि ते मी स्वतः आठवड्यातून चार वेळा करतो.

१. आधी उबेचं खरं काय ते समजून घ्या

दारू पोटात गेली की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतलं गरम रक्त कातडीकडे येतं. गाल, कान, तळहात तापल्यासारखे वाटतात. पण तीच उष्णता पुढे बाहेरच्या गार हवेत निघून जाते आणि शरीराच्या आतलं तापमान उतरतं. हुडहुडी भरणं हा उष्णता तयार करायचा शरीराचा उपाय असतो, दारूने तोही मंदावतो. म्हणजे आपल्याला वाटतं गरम, आणि होत असतो गार.

हे मी कोरेगावकडच्या एका शेतावर डोळ्यांनी बघितलं. जानेवारी होता, हुरडा झाला, गप्पा झाल्या, बाकीचे घरात झोपायला गेले. आमच्यातला एक जण शेकोटीजवळ बाजेवर पडून राहिला. "मला गरम होतंय" म्हणाला आणि स्वेटर काढून उशाला घेतला. पहाटे कुणीतरी उठलं तेव्हा शेकोटीची राख झाली होती, शर्ट दवाने ओला झाला होता आणि त्याचं मनगट खापरासारखं गार लागत होतं. तो कुडकुडतसुद्धा नव्हता, आणि तेच वाईट लक्षण होतं. एकाने बाटली पुढे केली, "एक घोट द्या, ऊब येईल." शेतमालकाची आजी त्याच्यावर कडाडली, "आरं, पाजताय काय त्याला? आधी घोंगडं आणा!" ओले कपडे उतरवले, दोन गोधड्यांत गुंडाळला आणि गाडीत घालून दवाखान्यात नेला. तो बरा झाला. पण "थंडीवर उतारा म्हणून दोन पेग" हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या तोंडून गेलेलं नाही.

गरम रमेत ऊब देतं ते गरम पाणी, आलं, गूळ आणि अंगावरचं पांघरूण. रम आहे ती चवीपुरती. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं प्रमाण आपोआप नीट पडतं.

२. खरेदीला जाण्यापूर्वी

महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं. रम, ब्रँडी, व्हिस्कीसाठी २५. दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो आजही लागू आहे, त्यामुळे दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना दुकानातच फाडून देतात. वर्षाचा किंवा आजीव हवा असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे अर्ज करायचा. मी आजीव काढून ठेवलाय. एकदाच त्रास होतो, पुढची कटकट संपते.

सोबत एवढं ठेवा:

- वयाचा पुरावा म्हणून आधार, पॅन किंवा लायसन्स
- परवाना, किंवा दुकानात काढलेली एका दिवसाची पावती
- दुकानाचं बिल, विशेषतः बाटल्या गाडीतून नेणार असाल तर

"बीअर शॉपी" अशी पाटी असलेल्या दुकानात रम मिळत नाही. त्यासाठी वाइन शॉप शोधावं लागतं. २६ जानेवारीला दुकानं बंद असतात आणि हुरड्याचे बेत नेमके त्याच सुट्टीत ठरतात, तेव्हा खरेदी आधीच उरका. गड, घाट, तलावाचा काठ, कासचं पठार ही पिण्याची ठिकाणं नाहीत. सार्वजनिक ठिकाणी पिणं गुन्हा आहेच, पण तेवढ्यावर हे संपत नाही. सज्जनगडाच्या पायथ्याला रिकाम्या बाटल्या बघून पोटात तुटतं.

गोव्याहून स्वस्तात आणलेली बाटली हा सांगली-साताऱ्याकडचा नेहमीचा सापळा. फक्त गोव्यात विकायची म्हणून बनवलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, मग ती एकच बाटली असली तरी. सीमेवर गाड्या तपासतात. तीनशे रुपये वाचवायच्या नादात गाडी अडकवून घेऊ नका.

हातभट्टीची तर कुठल्याही परिस्थितीत नको. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं. मिथेनॉल वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही, त्रास काही तासांनी सुरू होतो, आणि नजर धूसर व्हायला लागते तोवर विष अंगात भिनलेलं असतं. ओळखीच्या माणसाने आणलीय हा पुरावा नव्हे. सील, लेबल, बिल बघायचं.

३. बाटली कुठली घ्यायची

नव्या माणसाने डार्क रमपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रम होते उसाच्या मळीपासून. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर कारखान्यात उरणारा काळा, दाट पाक. आपल्या कृष्णाकाठच्या माणसाला तो वास ओळखीचा असतो, गळीत हंगामात कारखान्यावरून जाताना येतो तोच गोडसर, किंचित जळका वास. म्हणूनच रम गुळाशी, आल्याशी, काकवीशी अशी बसते की वेगळं काही जमवावंच लागत नाही. ओल्ड मंक १९५४ पासून मिळतेय, ४२.८ टक्क्यांची आहे, आणि गरम पेयासाठी तिच्याहून महाग काही घ्यायची गरज मला कधी वाटली नाही. गूळ आणि लवंगेपुढे महागड्या बाटलीतले नाजूक गंध तसेही दबून जातात.

ब्रँडी द्राक्षाची. मात्र आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडीत द्राक्षाचा अंश कमी आणि साधं स्पिरिट जास्त असतं. लेबलवर "ग्रेप" शब्द आहे का ते बघून घ्या. दूध, जायफळ, वेलदोडा यांच्याबरोबर ब्रँडी चांगली लागते. व्हिस्कीला मध आणि लिंबू मानवतं, गूळ मात्र तिच्यावर चढून बसतो. व्होडका आणि जिन या कामाला नकोत. गरम झाल्या की नुसतं स्पिरिट नाकात जातं.

वाइन घेताना साधी लाल, कोरडी घ्या. तासगाव-पलूस पट्टा द्राक्षांचा, पलूसला तर वाइन पार्कच उभं राहिलं, तेव्हा आपल्याकडे या चवीचं अप्रूप असायचं कारण नाही. "पोर्ट" नावाने मिळणारी स्वस्त वाइन आधीच गोड असते. ती वापरलीत तर खालच्या कृतीतली साखर पूर्ण गाळा, नाहीतर खोकल्याचं औषध तयार होईल.

४. मसाला आणि भांडी

सामान सगळं जवळचंच आहे. सातारी आलं, तिखट आणि रेषाळ. कराडकडच्या गुऱ्हाळातला गूळ किंवा काकवी. तासगावचे बेदाणे. लवंग, दालचिनी, वेलदोडा, चक्रीफूल, जायफळ घरातलंच. मसाले अख्खेच घ्या. पूड घातली तर पेय गढूळ होतं आणि शेवटचा घोट वाळूसारखा लागतो. सांगलीच्या हळदीचा मलाही मोह झाला होता, पण हळद रमेत कडवट उतरते. ती दुधालाच ठेवा.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी याच दिवसांत येते आणि पाहुण्यांना ती वाइनमध्ये टाकायची फार हौस असते. टाकू नका. गरम वाइनमध्ये तिचा लगदा होतो, रंग जातो, आणि इतक्या चांगल्या फळाची माती होते. बाजूला वाटीत द्या.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं. पितळेचं कल्हई उडालेलं पातेलं कितीही देखणं असलं तरी त्यात वाइन किंवा लिंबू तापवू नका, कळकतं. पितळ-तांब्याचा अंश आंबटात उतरतो आणि पोट बिघडतं. काचेच्या पातळ ग्लासात एकदम गरम ओतलं की तडकतो, तेव्हा चिनी मातीचे मग वापरा. आणि एक गोष्ट जरूर विकत घ्या: ३० आणि ६० मिलीचं पेग मोजायचं माप. बाटलीच्या बुचाने किंवा "बोटभर" म्हणून ओतलेला पेग हमखास दीडपट होतो, कारण मग रुंद असतो.

५. गूळ-आल्याची गरम रम

एका माणसासाठी:

- पाणी १८० मिली
- आलं, अंगठ्याच्या पेराएवढं, ठेचून
- लवंगा २, काळे मिरे २, दालचिनीचा बोटभर तुकडा
- गूळ किंवा काकवी १ मोठा चमचा
- रम ३० मिली
- लिंबाचा रस १ लहान चमचा

पाण्यात आलं आणि मसाला घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळा. पाण्याला पिवळसर रंग आला आणि घरात आल्याचा वास सुटला की गूळ घाला, विरघळू द्या, गॅस बंद करा. मगमध्ये गाळून घ्या. दोन मिनिटं थांबा. मग रम आणि शेवटी लिंबू. ढवळा, भरलेला मग दोन्ही हातांत धरा आणि आधी वास घ्या.

रम पातेल्यात नाही, मगमध्ये ओतायची. आणि गॅस बंद झाल्यावरच. सुरुवातीच्या दिवसांत मी बाटलीतून थेट पातेल्यात ओतली होती, खाली गॅस चालू होता. वाफेने पेट घेतला. एक निळी ज्योत पातेल्याच्या काठावरून सरकत बाटलीच्या तोंडापर्यंत आली, दिवसाउजेडी दिसलीही नसती इतकी फिकी. झाकण मारून विझवली, पण मनगटावरचे केस जळाले. मद्यार्क ७८ अंशांनाच उकळतो, पाण्याच्या कितीतरी आधी, आणि त्याची वाफ पेटते. शेकोटीजवळही हेच लक्षात ठेवा. उघडी बाटली आगीपासून लांब, आणि आगीवर रम शिंपडायचा खेळ अजिबात नको.

पाणी जास्त आणि रम कमी असं का, असं कुणी विचारलं तर त्याला इंग्रजांच्या आरमाराची गोष्ट सांगा. खलाशांना रोज कोरी रम मिळायची, झिंगून कामं बिघडायची. १७४० मध्ये अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी एक भाग रमेत चार भाग पाणी घालून, तीही दिवसात दोनदा विभागून द्यायचा हुकूम काढला. पुढे त्यात लिंबू आणि साखरही आली. आपल्या मापाने मगमध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क उतरतो, म्हणजे स्ट्राँग बीअरइतका. फरक एवढाच की गोड आणि गरम असल्याने तो घशाला जाणवत नाही, म्हणून इथे जिभेवर नाही, मापावर विश्वास ठेवायचा.

रम न घालता उरतो तो आले-गुळाचा काढा. जो घेत नाही, ज्याला गाडी चालवायची आहे, घरातली मुलं, आजी, सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात हा जास्त करून ठेवा. रम प्रत्येकाच्या मगमध्ये वेगळी पडत असल्यामुळे एकाच काढ्यावर सगळी पंगत बसते.

६. मसाला वाइन

७५० मिलीच्या एका बाटलीत पाच जणांचं होतं. एका संत्र्याची साल सोलाण्याने अलगद काढा. आतला पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू करतो. पातेल्यात अर्धा कप पाणी, साधारण ५० ग्रॅम साखर, ती साल, पाच-सहा लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे, तीन वेलदोडे, एक चक्रीफूल आणि मूठभर बेदाणे घालून दहा मिनिटं उकळा. उकळायचं ते एवढंच. मसाल्याचा अर्क पाण्यात उतरला की आच अगदी बारीक करा, वाइन ओता, संत्र्याचा रस पिळा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं तापू द्या.

सगळं कसब या पंधरा मिनिटांत आहे. थर्मामीटर असेल तर ७० अंशांवर थांबा. नसेल तर पातेल्याजवळून हलू नका. वरून वाफ धरते पण पृष्ठभाग शांत असतो, ती योग्य वेळ. कडेला बारीक बुडबुडे दिसले की लगेच उतरवा. वाइन उकळली की फळाचा गंध उडून जातो, आंबटपणा आणि तुरटपणा पुढे येतो, आणि मग कितीही साखर घातली तरी कोकम सारासारखी चव जात नाही. तळाचे फुगलेले बेदाणे चमच्याने प्रत्येकाला वाढा, तो खरा मानाचा भाग.

"उकळली म्हणजे दारू उडून गेली, आता पोरांना द्यायला हरकत नाही" हे मी चांगल्या शिकलेल्या घरात ऐकलंय. पंधरा मिनिटं मंद उकळल्यावरही साधारण ४० टक्के मद्यार्क तसाच राहतो. आपण तर उकळतही नाही. मुलांना काढा द्यायचा.

७. कॉफी आणि दूध

कडक कॉफी, एक चमचा काकवी, ३० मिली रम, वर घट्ट साय. करायला सोपी, चवीला फार छान. पण कॉफीने झोप पळते, नशा पळत नाही. माणसाला वाटतं आपण शुद्धीत आहोत. म्हणून एकच, आणि तीही जेवणानंतर.

गरम दूध, वेलदोडा, जायफळाची कणी आणि ३० मिली ब्रँडी, हेही चांगलं होतं. यात लिंबू नको, आणि आलं घालायचं तर पाण्यात आधी उकळून घ्या, कच्च्या आल्याने दूध फाटतं.

८. किती, कुणी, कशाबरोबर

३० मिली रममध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. १५० मिली वाइनमध्ये, १३ टक्क्यांची धरली तर, १५ ग्रॅम. म्हणजे "वाइन काय, द्राक्षाचा रसच तो" म्हणणारा माणूस एका ग्लासात दीड पेग घेत असतो. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निकालात काढतं. लिंबूपाण्याने, गार पाण्याने तोंड धुतल्याने किंवा ओकल्याने हा वेग वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलंय की कुठलीही मात्रा आरोग्याला निर्धोक नाही. हे सगळं जमेस धरून मी रात्रीत दोन छोट्या पेगांवर थांबतो, आणि मध्ये एक मग नुसत्या काढ्याचा घेतो.

रिकाम्या पोटी नको. हुरडा, लसणाची चटणी, दही, भाकरी आधी पोटात जाऊ द्या. सांगलीचं भडंग जिभेला लई भारी, पण खारट-तिखटाने तहान लागते आणि हात मगकडे जातो, तेव्हा पाण्याचा तांब्या भडंगाच्या शेजारीच ठेवा.

सर्दी-तापात ही पेयं औषध म्हणून घेऊ नका. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी आधीच गुंगी येते, त्यात दारू पडली की ती दुप्पट होते. पॅरासिटामॉलचा भार यकृतावर असतो, झोपेच्या गोळ्यांबरोबर तर श्वासच मंदावू शकतो. मधुमेहाचं औषध चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, एकीकडे गूळ साखर चढवतो आणि दुसरीकडे दारू रात्री ती धोकादायक उतरवू शकते. गरोदर बाईला एक थेंबही नको.

आणि लहान मुलांना ब्रँडी. हे मी हात जोडून सांगतो. "छाती भरलीय, चमचाभर द्या", "बोटाने चाटवा", आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि देणारी माणसं प्रेमानेच देतात. पण बाळाच्या रक्तातली साखर त्याने झपकन उतरू शकते, श्वास मंद होऊ शकतो, आणि कफावर तिचा काडीचा उपयोग नाही. छातीला चोळूनही कातडीतून आणि वाफेतून ती आत जातेच. बाळाला डॉक्टरांकडे न्या.

९. रात्र आवरताना

बसायच्या आधीच गाड्यांच्या चाव्या गोळा करा आणि न घेणाऱ्या माणसाकडे द्या. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. ती एवढी कमी आहे की बारीक अंगाच्या माणसाने रिकाम्या पोटी दोन छोटे पेग घेतले तरी तो तिच्या पलीकडे जाऊ शकतो. पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खंबाटकी किंवा पसरणी घाट रात्री, धुक्यात, घेऊन उतरायचा विचारही मनात येता कामा नये. मुक्कामाची सोय नसेल तर त्या दिवशी सगळ्यांनाच काढा.

उरलेला काढा गाळून फ्रिजमध्ये ठेवला तर दोन दिवस चालतो. उरलेली मसाला वाइन दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवली की पडेल चवीची लागते, तेव्हा करतानाच मोजून करा.

झोपायच्या आधी शेकोटीवर पाणी मारा. कोळशाची शेगडी कितीही थंडी असली तरी बंद खोलीत घेऊ नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि घेतलेला माणूस गुदमरतोय हे कळून उठतही नाही. महाबळेश्वरला, जिथे काही वर्षी वेण्णा तलावाकाठचं दवसुद्धा गोठतं, तिथे हा मोह जास्त होतो. मग एकदा माणसं मोजा. बाजेवर, गाडीत, ओट्यावर कुणी पडलं असेल तर हलवून आत आणा, कुशीवर झोपवा म्हणजे ओकारी आली तर घशात अडकणार नाही, आणि अंगावर गोधडी टाका. हलवूनही जागा होत नसेल, श्वास थांबून थांबून येत असेल किंवा अंग गार पडलं असेल, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन लावा.